साठा किती, विसर्ग किती?

रविवारी सकाळी साडेअकराला सांगलीहून आत्याचा फोन आला.

"अरे, ती आपली वेबसाइट उघडली बघ. उघडल्याउघडल्या पाचशे नऊ लिहून आलंय. घरटी आहे का माणशी?"

"काय माणशी?"

"वर्गणी रे. पाचशे नऊ."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि लॅपटॉप उघडला. दीड तासापूर्वी, श्रावणातला चांगला मुहूर्त बघून, आमच्या कुलवृत्तांताच्या वेबसाइटचं लोकार्पण झालं होतं. दहा वाजता जिथं कुलस्वामिनीचा फोटो होता, त्याखाली सातारा आणि सांगली अशा दोन्ही शाखांची हसरी मंडळी होती, तिथं आता पांढऱ्या पानावर '५०९, बँडविड्थ लिमिट एक्सीडेड' एवढंच उरलं होतं. आत्याचं इंग्रजी शाळेतच सुटलं, पण आकडा तिला कुठल्याही भाषेतला कळतो. चाळीस वर्षं भिशी चालवली आहे तिनं.

"आत्या, ती वर्गणी नाही. ती चूक आहे."

"चूक कशी? आकडा स्वच्छ आहे. पाचशे एक असते, ही पाचशे नऊ का, एवढंच विचारतेय."

मी तिला समजावत होतो तोवर कराडच्या पुतण्यानं माझ्या फोनवर ५०९ रुपये पाठवूनही दिले. खाली जोडलेले दोन हात आणि 'काका, पावती नको'. पाठोपाठ तासगावहून ५०९ आले. वाईहून आले. आष्ट्याच्या एका चुलतभावानं, जो गेली अकरा वर्षं माझ्याशी बोलत नाही, त्यानंही काही न बोलता ५०९ पाठवले. कुलसंमेलनाची वर्गणी गोळा करायला मी दोन वर्षं दारोदार फिरलो होतो. तेव्हा चहावर भागवणाऱ्या लोकांनी बंद पडलेल्या वेबसाइटला पैसे दिले. ही वेबसाइट उघडलीच नसती तर केवढी रक्कम जमली असती, असा एक वाईट विचार माझ्या मनात येऊन गेला.

आता हा ५०९ आकडा इंटरनेटच्या अधिकृत यादीतलाही नाही. यादीत ४०४ आहे, ५०० आहे, ५०३ आहे. ५०९ होस्टिंगवाल्यांनी आपला आपण घातलाय, सोसायटीच्या बिलात 'इतर खर्च' असतो तसा. पण हे ज्ञान मला त्या दिवशी दुपारी झालं. सकाळपर्यंत मी सर्वज्ञ होतो.

सर्वज्ञ कसा झालो, ते सांगायला हवं. मी बँकेतून निवृत्त झालो. बँकेत प्रिंटर अडकला की लोक माझ्याकडे यायचे, कारण माझं टेबल प्रिंटरशेजारी होतं. मी वरून एक थाप मारायचो आणि कागद सुटायचा. या भांडवलावर घराण्यात माझी संगणकतज्ज्ञ म्हणून ख्याती झाली. आमच्याकडे ज्याला पीडीएफ उघडता येते तो तज्ज्ञ, आणि ज्याला ती परत सापडते तो शास्त्रज्ञ.

घराण्याचं म्हणाल तर मूळ पुरुषाचे दोन मुलगे. एक साताऱ्यात राहिला, दुसरा कृष्णेच्या काठाकाठानं खाली सांगलीला गेला. का गेला, याबद्दल दोन्ही शाखांचं म्हणणं वेगवेगळं आहे, पण दोन्हींत तांब्याच्या एका हंड्याचा उल्लेख येतो. तो हंडा वेबसाइटवर 'वारसा' या सदरात घालायचा की 'वाद' या सदरात, यावर तीन बैठका झाल्या.

होस्टिंग कुठलं घ्यायचं, हे मात्र सात मिनिटांत ठरलं. साताऱ्याला थोरल्या काकांच्या माडीवर बैठक होती. समोर कंदी पेढ्यांचं ताट होतं आणि ते संपायच्या आत ठराव होणं गरजेचं होतं. मी भिंतीवर तीन प्लॅन दाखवले. पहिल्यात महिन्याला दहा जीबी बँडविड्थ, दुसऱ्यात शंभर, तिसऱ्यात अमर्यादित.

"बँडविड्थ म्हणजे काय?" थोरल्या काकांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. तज्ज्ञाला हे म्हणता येत नाही. मी म्हणालो, "बँड म्हणजे पट्टा, विड्थ म्हणजे रुंदी."

"कशाचा पट्टा?"

"ते... सर्व्हरवर अवलंबून असतं."

काकांना अर्धवट ऐकू येतं. ते म्हणाले, "बँड नको. सनई-चौघडा ठेवा, खर्चही कमी." यावर सर्वांनी माना हलवल्या आणि खजिनदारानं विषय हातात घेतला. खजिनदार माझा चुलतभाऊ. घराण्याचा पैसा तो स्वतःचा असल्यासारखा वापरतो, म्हणजे वापरतच नाही.

"दहा जीबी!" तो म्हणाला. "अरे, माझ्या फोनला रोजचा दीड जीबी मिळतो, तोही रात्री शिल्लक असतो. आपल्या वेबसाइटला महिन्याला दहा लागतील होय? स्वस्तातला घे."

युक्तिवाद बिनतोड वाटला. त्यातली गफलत मला पुढं कळली. फोनचा डेटा म्हणजे आपण लोकांच्या लग्नात जाऊन किती जेवतो, आणि वेबसाइटची बँडविड्थ म्हणजे आपल्या मुलीच्या लग्नात लोक किती जेवतात. याच खजिनदारानं त्याच्या मुलीच्या लग्नात आचाऱ्याला काय सांगितलं होतं, ते मी कानांनी ऐकलंय: "पत्रिका साडेतीनशे, घरटी अडीच माणसं धर, लांबचे निम्मे येणार नाहीत, जवळचे पाहुणे आणखी पाहुणे घेऊन येतील, वर पन्नास ताटं जास्त." किती माणसं, एकेकाला किती वाढायचं आणि वर थोडं राखून. वेबसाइटलाही हाच हिशोब लागतो, एका अक्षराचा फरक नाही. पण तिथं जिलेबी नसल्यामुळे तो कोणाला सुचला नाही.

मग फोटो आले. मुखपृष्ठावर सातारा शाखेचे बारा आणि सांगली शाखेचे बारा असा समझोता झाला होता. सातारकरांनी अजिंक्यतारा, राजवाडा, चार भिंती आणि कासची फुलं पाठवली. सांगलीकरांनी गणपती मंदिर, आयर्विन पूल, हळदीचे ढीग आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं त्याची आठवण म्हणून आमच्या एका आजोबांचा दाढी लावलेला फोटो पाठवला. आजोबांचा त्या नाटकाशी संबंध नव्हता. ते १९५८ च्या गॅदरिंगमधले विश्वामित्र होते.

इथं माझा शहाणपणा नडला. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होतो, हे मला माहीत होतं. मी ग्रुपवर फर्मान काढलं, 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवणे, मूळ दर्जा राखणे.' सर्वांनी मूळ दर्जा राखला. एकेक फोटो सरासरी चार एमबीचा आला. विश्वामित्राच्या दाढीचा केसन् केस मोजता येत होता. वाईच्या भाच्यानं कृष्णेच्या घाटावर ड्रोन उडवून साडेतीनशे एमबीचा व्हिडिओ केला होता आणि मुखपृष्ठ उघडताच तो आपोआप चालू झाला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. माझं नेट संथ असल्यामुळे तो व्हिडिओ लोकार्पणाच्या वेळी अजून चढत होता. आमच्या घराण्याला कुलस्वामिनीनं तारल्याचं याहून चांगलं उदाहरण वृत्तांतात नाही.

दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चोवीस फोटो, एकेक चार एमबी, म्हणजे मुखपृष्ठ ९६ एमबीचं. दहा जीबी म्हणजे १०,२४० एमबी. भागले ९६. उत्तर आलं १०६ आणि वर थोडं. म्हणजे आमची वेबसाइट महिन्यात १०६ वेळा नीट उघडणार आणि एकशे सातव्या माणसाला अर्धीच मिळणार. आमच्या ग्रुपवर ४१२ माणसं. त्यातल्या सांगलीच्या एका मामांनी ती आपल्या फोनवर पाहिली, मामींच्या फोनवर पाहिली, मुलाच्या लॅपटॉपवर पाहिली आणि टीव्हीवर मोठी दिसते का तेही पाहिलं. एकट्यानं चार माणसांचं जेवण केलं. सातारकर उठतात लवकर, त्यामुळे पहिले ऐंशी जण सगळे सातारचे. सांगलीकर आंघोळी-पूजा उरकून बसेपर्यंत पातेलं खडखडलं होतं.

संध्याकाळी ग्रुपवर आत्यानं आवाजी संदेश टाकला. "नेहमीचंच आहे तुमचं. तुम्ही वर साताऱ्यात बसून सोडता आणि आम्ही खाली सांगलीत भोगतो."

वाक्य वेबसाइटबद्दल होतं. पण बाहेर पाऊस कोसळत होता, कोयना धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी होती आणि आत्याचं घर सांगलीच्या गावभागात, नदीच्या बाजूला आहे. सातारा शाखेतून कोणीही उत्तर दिलं नाही.

होस्टिंगवाल्यांना फोन लावला. तिकडच्या मुलानं माझं नाव तीन वेळा गोड उच्चारून विचारलं, "सर, आपण अनलिमिटेड का नाही घेत?"

"त्यात मर्यादा नसते?"

"अजिबात नसते, सर. फक्त योग्य वापराचं धोरण लागू आहे."

"योग्य वापर म्हणजे किती?"

"ते वापरल्यावर कळतं, सर."

इथं मी सावध व्हायला हवं होतं, कारण अमर्यादित थाळीचा मला अनुभव आहे. कराडजवळच्या हॉटेलातल्या त्या थाळीत पहिली चपाती येते तेव्हा वाढपी तुमच्या खांद्याशी उभा असतो. तिसऱ्या चपातीला तो शेजारच्या टेबलाशी असतो. पाचवीला हाका माराव्या लागतात. सहावीला तो दिसत असतो, पण त्याला तुम्ही दिसत नाही. बंदी कुठंच नसते. भिंतीवर 'अमर्यादित' ही पाटी तशीच असते. आपणच बडीशेप मागतो.

तरी मी अमर्यादित घेतलं. जमलेल्या वर्गणीतून घेतलं, हे खजिनदाराला अजून पूर्ण माहीत नाही.

थोरल्या काकांनी आता सूत्रं हाती घेतली. पहिल्या वेळी गोंधळ झाला तो शिस्त नसल्यामुळे, असं त्यांचं निदान होतं. त्यांनी ग्रुपवर आदेश काढला: 'बुधवारी रात्री ठीक आठ वाजता सर्वांनी एकाच वेळी वेबसाइट उघडावी. घड्याळं जुळवून घ्यावीत.' आमच्या घराण्यात आजवर कोणी कुठं वेळेवर गेलेलं नाही. लग्नात अक्षता संपल्यावर आम्ही पोचतो. पण त्या बुधवारी, देव जाणे काय झालं, ४१२ च्या ४१२ माणसांनी आठच्या ठोक्याला बोट दाबलं.

आठ वाजून एक मिनिटानं आत्याचा फोन. "आता पाचशे आठ झालंय. एक रुपया सूट आहे का रे?"

वेबसाइट पुन्हा पांढरी पडली होती. यावेळी '५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. त्या गोड मुलाला पुन्हा फोन लावला.

"सर, आपली बँडविड्थ अमर्यादितच आहे."

"मग बंद का पडली?"

"एका वेळी वीसच जण आत घेतो, सर."

"हे कुठं लिहिलंय?"

"अटींमध्ये, सर. एकोणिसाव्या पानावर."

त्यातल्या त्यात एक समाधान होतं. हे दुःख माझ्या एकट्याचं नाही. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला तेव्हा आख्ख्या महाराष्ट्रानं दुपारी एक वाजता एकदम बटण दाबलं आणि निकालाची वेबसाइट कित्येक तास उठलीच नाही. त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षा झाली नव्हती. परीक्षा न देता ९९.९५ टक्के मुलं पास झाली, आणि परीक्षा दिली ती एकट्या वेबसाइटनं. ती नापास झाली. किती माणसं आत घ्यायची ते आधी ठरवण्याचं शहाणपण कासच्या पठारावर मात्र वेळेत आलं. २०१२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं, गर्दी लोटली, फुलांपेक्षा चपला जास्त दिसायला लागल्या, तेव्हा दिवसाला तीन हजार माणसं अशी हद्द घातली आणि आधी नाव नोंदवा म्हणून सांगितलं. फुलं अमर्यादित आहेत असा दावा तिथं कोणी केला नाही.

काही सातारकर मंडळींनी ५०८ रुपये पाठवले, ते सांगायचं राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात मी सांगलीला गेलो. निमित्त आत्याला भेटायचं, पण खरं काम अण्णाकाकांकडे होतं. अण्णाकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, तरी पावसाळ्यात ते स्वतःला कामावर रुजू करून घेतात. सकाळी आयर्विन पुलावर जाऊन पाण्याची पातळी बघतात आणि ग्रुपवर टाकतात. हा पूल १९२९ चा. त्याच्याकडे बघून सांगलीकर ठरवतो, आज गादी खाली ठेवायची की माळ्यावर. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका, हे इथल्या पोराला बाराच्या पाढ्याआधी येतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा अण्णाकाका माळ्यावर बसून पातळी कळवत होते. मोजपट्टी लांब गेली म्हणून त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या.

साताऱ्याहून एसटीनं कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगली. वाटेत मी हिशोब केला. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं, त्यानंतर काही वर्षांनी साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या कॅफेत मी पहिल्यांदा ते बघितलं. कर्र-किर्र आवाज करणारा ५६ केबीपीएसचा मोडेम होता. त्या मोडेमवर आमचं ९६ एमबीचं मुखपृष्ठ उघडायला पावणेचार तास लागले असते. तेवढ्यात एसटीनं सांगलीला जाऊन विश्वामित्राचा मूळ फोटो भिंतीवर बघून चहा घेता आला असता. (केबीपीएसमधला 'बी' बिटचा आणि केबीमधला 'बी' बाइटचा; आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत बिटचा बी लहान आणि बाइटचा मोठा काढतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्याचा तोटा मला आयुष्यात इथं पहिल्यांदा झाला. शंभर एमबीपीएस म्हणून घरी घेतलेलं नेट सेकंदाला साडेबारा एमबीच देतं, हे कळलं तेव्हा सोनाराकडे तोळ्याचे ग्रॅम झाल्यासारखं वाटलं.)

अण्णाकाका आत्याच्याच ओसरीवर भडंग खात बसले होते. मी सगळी कथा सांगितली. बँडविड्थ, जीबी, वीस माणसं, ५०९, ५०८. त्यांना इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी भडंगातला शेंगदाणा बाजूला काढला आणि विचारलं, "साठा किती होता?"

"म्हणजे?"

"महिन्याला एकूण किती मिळणार होतं?"

"दहा जीबी."

"म्हणजे तो टीएमसी झाला, अब्ज घनफुटांचा हिशोब. आणि विसर्ग?"

मी गप्प. साठ वर्षांच्या माणसाला गप्प बसवणारे प्रश्न आमच्या घराण्यात फक्त अण्णाकाका विचारतात.

"अरे, कोयनेत साठा असतो एकशे पाच टीएमसी. तो काय एकदम येतो होय माझ्या दारात? दारात येतो तो क्युसेक. सेकंदाला घनफूट किती. अकरा हजार पाचशे चौऱ्याहत्तर क्युसेकनं दिवसभर सोडलं की एक टीएमसी होतो. पायथ्याच्या वीजगृहातनं दोन हजार शंभर क्युसेक जातं, त्यानं एक टीएमसी जायला साडेपाच दिवस. दरवाजे वर घेऊन लाखानं सोडलं तर पावणेतीन तास. पाणी तेवढंच. साडेपाच दिवसांत आलं तर ती नदी, पावणेतीन तासांत आलं तर तुझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात."

आतून आत्या म्हणाली, "मेलं ते पाणी, मिक्सर गेला माझा."

"पहिल्यांदा तुझा टीएमसी संपला," अण्णाकाका म्हणाले. "धरण कोरडं. दुसऱ्यांदा धरण तुडुंब, पण दरवाजा बारका, आणि थोरल्यानं सगळ्या गावाला एकाच वेळी घागर घेऊन बोलावलं. तो होस्टिंगवाला काय खोटं बोलला? साठा अमर्यादित म्हणाला. विसर्ग तू विचारलाच नाहीस."

ज्या विषयावर मी तीन रात्री यूट्यूबवर इंग्रजी व्याख्यानं ऐकली, तो एका वाटीभर भडंगात संपला. मला जरा राग आला. मी म्हणालो, "मग मोठा प्लॅन घ्यायला हवा."

"धरणाची उंची वाढवायची?" अण्णाकाकांचा आवाज चढला. सांगलीत हे वाक्य कोणाच्याही ओसरीवर उच्चारू नये. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणापासून सुरुवात झाली ती चहा येईपर्यंत चालली. चहानंतर ते मूळ पदावर आले. "आधी पाणी किती वापरतोस ते बघ. उसाला पाट फोडून दिल्यासारखे फोटो सोडलेस तू. ठिबक लाव."

ठिबक लावायला त्यांची नात आली. सांगलीतच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेतला, तो अगदी आदरानं.

"काका, या फोटोची रुंदी सहा हजार पिक्सेल आहे. एवढ्या रुंदीचा फोन कुणाकडे आहे आपल्यात?"

"मूळ दर्जा राखलाय."

"कोणी पाहिला तो दर्जा?"

वीस मिनिटांत तिनं चोवीसही फोटो दीडशे केबीवर आणले. एक कळ अशी लावली की पान जसजसं खाली सरकवाल तसतसे फोटो येतील, आधी नाही. ड्रोनचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि वेबसाइटवर त्याची फक्त खिडकी ठेवली, म्हणजे जेवण त्यांच्या पंक्तीत आणि पान आमच्या दारात. पानाची तयार प्रत आधीच काढून ठेवण्याचीही सोय केली. अण्णाकाकांनी ते लगेच ओळखलं: "गावच्या टाकीत पाणी भरून ठेवलं म्हणायचं. प्रत्येकानं कोयनेला कशाला जायचं?" मुखपृष्ठ ९६ एमबीचं साडेतीन एमबी झालं. म्हणजे त्या पहिल्या, स्वस्तातल्या दहा जीबीत ते महिन्याला २,९०० वेळा उघडलं असतं. खजिनदाराला हे मी सांगितलेलं नाही. तो आयुष्यभर 'मी म्हणत होतो' म्हणेल.

सहा हजार पिक्सेलचे आठशे झाल्याचं ग्रुपवर जाहीर करण्याची चूक मात्र मी केली. साताऱ्याहून तक्रार आली की सांगलीच्या पोरीनं अजिंक्यतारा मुद्दाम बुटका केला. सांगलीचं म्हणणं पडलं की हळदीचा पिवळा फिका पडला, आणि कासचा जांभळा बरा जशाचा तसा राहिला. मामांनी विचारलं, "माझं वजन चार एमबीवरून दीडशे केबी झालं, मग फोटोत मी तेवढाच जाड कसा?" विश्वामित्राच्या दाढीबद्दल कोणी बोललं नाही. खरं तर तीच निम्मी गेली होती.

मग तिसऱ्यांदा लोकार्पण झालं. वेबसाइट झटक्यात उघडली. चार दिवस लोकांनी पाहिली, वंशावळीत आपलं नाव शोधलं, बायकोचं नाव चुकल्याचं कळवलं आणि परत ग्रुपवर जाऊन फुलांची शुभ सकाळ पाठवू लागले. महिनाअखेरीला मी आकडे पाहिले. अमर्यादितातलं आम्ही दीड जीबी वापरलं होतं. त्यातही बराचसा वापर रोबोंचा. गूगलचा रोबो रोज पहाटे येऊन सगळी वंशावळ वाचून जातो, स्थळ बघायला आल्यासारखा, आणि काही कळवत नाही. उरलेल्यात कुठल्याशा पर्यटनवाल्यानं आमचा कासचा फोटो आमच्याच सर्व्हरवरून परस्पर आपल्या पानावर लावला होता. पाहुणे त्यांचे, नळ आमचा. नातीनं तो नळ बंद केला. घराण्यातलं माणूस म्हणावं तर नियमानं एकटी आत्या येते. रोज दुपारी वेबसाइट उघडते आणि मला फोन करते.

"आज पण नाही आलं रे ते पाचशे नऊ. मुदत संपली का? माझे भरायचे राहिलेत."

मी तिला सांगून थकलो. शेवटी म्हणालो, भर बाई. तिनं भरले, आणि पावती मागितली.

पावती म्हटल्यावर प्रकरण खजिनदाराकडे गेलं. त्यानं दोन रात्री माझ्या फोनचं पासबुक तपासलं आणि काल सकाळी ग्रुपवर हिशोब टाकला: 'वेबसाइट वर्गणी. ५०९ प्रमाणे अकरा जण, रुपये ५,५९९. ५०८ प्रमाणे तीन जण, रुपये १,५२४. एकूण जमा रुपये ७,१२३. सातारा शाखेतील तीन सभासदांकडे प्रत्येकी एक रुपया येणे बाकी आहे. तरी संबंधितांनी तो त्वरित भरावा.'

खाली आत्याचा अंगठा होता.